तारीख पाहायची की मजकूर?

प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे म्हणजे कंपाइल करणे. मोठ्या प्रोग्रामच्या फायली शेकड्यांनी असतात आणि हे काम कधी कधी तासन्‌तास चालते. एक ओळ बदलली म्हणून सगळे पुन्हा करावे लागू नये, यासाठी बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले. ते फायलीची तारीख-वेळ पाहते. मूळ फाइल नवी, तयार फाइल जुनी, की पुन्हा कंपाइल. हिशेब सोपा, पण फसवा. काहीही न बदलता फाइल नुसती सेव्ह केली तरी काम नव्याने सुरू!

2002 मध्ये ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी ‘सीकॅश’ आणले. ते मजकूर पाहते. मूळ फाइल, तिने ओढून घेतलेल्या हेडर फायली, कंपाइलरला दिलेल्या सूचना आणि कंपाइलर कोणता, या सगळ्यांचा मिळून बोटाच्या ठशासारखा एक आकडा काढला जातो. ठसा जुळला तर साठवलेले उत्तर लगेच हाती. नाही जुळला तर काम पहिल्यापासून. पहिल्या खेपेला थोडा वेळ जास्तच लागतो. काही तपासण्या सैल करण्याचीही सोय आहे. पण त्या सोयीचे नावच ‘स्लॉपीनेस’, म्हणजे गबाळेपणा, असे ठेवले आहे. वेगापेक्षा हा प्रामाणिकपणा मोलाचा.

रुग्णालयांत अजून ‘मेक’चाच कारभार आहे. एचबीएवनसी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. औषध तेच, तब्येत तीच, तरी पंधरा दिवसांपूर्वीचा रिपोर्ट बाजूला सारून ‘नवा आणा’ असे सांगितले जाते. रोजंदारीवरच्या माणसाचा एक दिवस आणि पैसे जातात. याउलट, गेल्याच आठवड्यातले क्रिएटिनिन नॉर्मल म्हणून विश्वासाने वाचले जाते. मधल्या काळात रुग्णाला जुलाब झाले, गुडघेदुखीसाठी त्याने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेतल्या, हे कोणी विचारलेलेच नसते. तारीख ताजी असते, पण मूत्रपिंडाची स्थिती बदललेली असू शकते.

केसपेपरवर रिपोर्टच्या तारखेशेजारी एक रकाना छापायला फारसा खर्च येणार नाही: ‘तेव्हापासून काय बदलले?’ तो भरायला दोन मिनिटे लागतील. सकाळी अकराच्या ओपीडीत ती दोन मिनिटे कुठून काढायची, हे मात्र प्रशासनाने ठरवायचे आहे.