वारली नमुना आणि आपला डिझाइन विभाग

चादरी, कुर्ते, भेटवस्तू यांचा व्यापार करणाऱ्या आपल्या काही पेढ्यांत आता स्वतःचा डिझाइन विभाग असतो. चार-पाच तरुण संगणकावर नमुने रचतात आणि पेढीची धाकटी पिढी त्यांचे नेतृत्व करते. वारली नमुन्याची मागणी आली की हे तरुण कोठून तरी आकृत्या उचलतात आणि देवीचा चौक पायपुसण्यावर छापला जातो. डहाणू तालुक्यातील कैनाड-गंजाडच्या परिसरात हाच चौक लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने रेखाटतात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. तिच्यावर कोणी पाय पुसावेत काय?

दोष त्या तरुणांचा नाही. त्यांना हे सांगू शकणारे कोणी विभागात नव्हते. १९७०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी कामानिमित्त या भागात आले. त्यांनी वारली कलावंतांना कागद व रंग पुरवले. चित्रांतले जीवन मात्र कलावंतांचेच राहिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यातूनच जगापुढे आले. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री लाभली. कुलकर्णींनी केले ते, माझ्या मते, उत्तम डिझाइन-नेतृत्वच होते.

लोककला कोणाच्या मालकीची नसते, असा युक्तिवाद आपल्या बाजारात ऐकू येतो. मला तो पटत नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'प्रतिरूपकव्यवहार' आहे. अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे, हा त्याचा अर्थ. छापील नक्कल 'अस्सल वारली' म्हणून विकताना श्रावकाने हा शब्द आठवावा.

ज्यांना हे काम नीट करायचे आहे, त्यांनी वारली कलावंताला विभागाचा सदस्य करावे. केवळ हातकाम करणारा समजू नये. कोणते चित्र कोणत्या वस्तूवर येऊ नये, याबाबत त्याचा शब्द अखेरचा असावा. चित्र काढण्याचा मोबदला वेगळा आणि ते छापण्याच्या हक्काचा वेगळा, हे किती नग छापायचे त्या संख्येसह आधीच लिहून घ्यावे. वेष्टनावर त्याचे नाव छापावे. आणि पेढीने नापसंत केलेल्या चित्राचेही पैसे द्यावेत. त्याचे दिवस तर त्यात गेलेलेच असतात.