पप्पांचं नाव काय?

परवा दुसरीच्या वर्गात सहज विचारलं, "जत्रेत हरवलात तर पोलीसकाकांना काय सांगाल?" एकजण म्हणाला, "पप्पांचं नाव." "काय नाव?" "पप्पा!" वर्ग हसला, मीही हसले. पण २८ मुलांपैकी घरचा मोबाईल नंबर पाठ होता फक्त पाच जणांचा. पाढे मात्र घडाघडा येतात!

आपण मुलांना एकच सांगतो, 'अनोळखी माणसाशी बोलू नको.' मला हे अपुरं वाटतं. हरवलेल्या लेकराला मदत अनोळखी माणसाकडेच मागावी लागते ना? मग कोणाकडे मागायची ते शिकवूया. पोलीस, दुकानदार, सोबत मुलं असलेली एखादी बाई. आणि त्रास देणारा ओळखीचाही असू शकतो, तेव्हा मोठ्याने 'नाही' म्हणून घरी येऊन सांगायचं. सांगितल्यावर ओरडा बसणार नाही, ही खात्री पालकांनीच द्यायची.

पालकहो, मूल सापडत नसेल तर २४ तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे. लगेच पोलीस ठाणे गाठा. हरवलेल्या मुलांच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा मोफत नंबरही घरात लिहून ठेवा.

आता हजेरीला माझी मुलं 'हजर' न म्हणता घरचा नंबर सांगतात. आमचा 'पप्पा' अजून शेवटचे दोन आकडे चुकतोय.