विश्लेषण : पैसे मोजूनही वेबसाइटचा पत्ता हातचा का जातो? देशनिहाय डोमेनच्या अटी काय असतात?

ब्रेग्झिटनंतर ब्रिटनमधील सुमारे ८० हजार ‘डॉट ईयू’ पत्ते एका दिवसात बंद पडले. शुल्क भरलेले होते, तांत्रिक बिघडही नव्हता. तरीही असे का झाले? परदेशी डोमेन घेणाऱ्या किंवा विकत घेऊ पाहणाऱ्या भारतीयांनी यातून काय लक्षात घ्यावे?

नेमके काय घडले?

‘डॉट ईयू’ हे युरोपीय संघाचे डोमेन. संघातील रहिवासी, तेथे स्थापन झालेल्या संस्था आणि संघाचे नागरिक यांनाच ते मिळते. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन येथील रहिवासी व संस्थाही पात्र ठरतात. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेग्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि केवळ ब्रिटनचा पत्ता असलेले नोंदणीधारक अपात्र ठरले. १ जानेवारी २०२१ रोजी ‘युरिड’ या नोंदणी संस्थेने त्यांची डोमेन निलंबित केली. वेबसाइट उघडेना, ईमेलही थांबले. पात्रता सिद्ध करण्यासाठी मुदत मिळाली, ती पुढे वाढवण्यातही आली. ज्यांनी ती पाळली नाही त्यांची डोमेन रद्द झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून इतर पात्र व्यक्तींसाठी खुली करण्यात आली.

संघाच्या नागरिकाला कुठल्याही देशात राहून ‘डॉट ईयू’ ठेवण्याची मुभा ऑक्टोबर २०१९ पासून मिळाली होती. त्यामुळे लंडनमध्ये राहणाऱ्या, पण आयर्लंडचे पारपत्र असलेल्या व्यक्तीचे डोमेन वाचू शकले. शेजारच्या केवळ ब्रिटिश नागरिकाचे वाचले नाही.

हे नियम ठरवते कोण?

‘डॉट कॉम’सारख्या सर्वसाधारण डोमेनसाठी ‘आयकॅन’ची धोरणे लागू होतात. दोन अक्षरी देशनिहाय डोमेनचे तसे नाही. ती कोणाला द्यायची, हे त्या त्या देशाची नोंदणी संस्था स्थानिक कायद्यानुसार ठरवते. म्हणूनच अँग्विला या छोट्या बेटाचे ‘डॉट एआय’ जगात कुणीही घेऊ शकते. सगळ्याच देशांचे नियम सारखे नसतात. अमेरिकेच्या ‘डॉट यूएस’साठी त्या देशाशी संबंध दाखवावा लागतो, तर जपानच्या ‘डॉट जेपी’साठी तेथील पत्ता लागतो.

कॅनडातील मराठी विद्यार्थ्याला ‘डॉट सीए’ मिळेल?

वैयक्तिक नावावर नाही. कॅनडाच्या नियमानुसार व्यक्ती नागरिक किंवा कायमस्वरूपी निवासी असावी लागते. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्याकडे टोरंटोचा पत्ता असला तरी तो पुरत नाही. कॅनडात नोंदवलेली कंपनी मात्र पात्र ठरते. कॅनडात व्यापारचिन्ह नोंदवलेली परदेशी कंपनीही अर्ज करू शकते. पण डोमेनमध्ये त्या चिन्हातील नेमका शब्द असायला हवा.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या पुणेकराची स्थिती उलट आहे. ‘डॉट ईयू’साठी निवास पुरेसा असल्याने भारतीय नागरिक असूनही तो ते घेऊ शकतो. पण कायमचा पुण्याला परतला, की पात्रतेचा आधारच जातो. तेव्हा त्याच पत्त्यावर व्यवसाय उभा असेल तर अडचण मोठी.

खरेदी-विक्रीत गाडी कुठे अडते?

हस्तांतर म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक, डोमेनची सेवा देणारी कंपनी, म्हणजे रजिस्ट्रार बदलणे. त्यासाठी अनेक ठिकाणी एक गोपनीय कोड लागतो. दुसरी, नोंदणीधारक बदलणे, म्हणजेच हक्क दुसऱ्याच्या नावावर करणे. विक्रेत्याने कोड दिला म्हणून हक्क मिळत नाही. पात्रतेची अट नव्या धारकालाही लागू होते. त्यामुळे सौदा ठरला, पैसे गेले आणि खरेदीदारच अपात्र निघाला, असे होऊ शकते.

दुसऱ्याच्या नावावर घेतले तर?

काही कंपन्या शुल्क घेऊन स्थानिक प्रतिनिधी पुरवतात. काही देशांत हे चालते, काही ठिकाणी नियमांत बसत नाही. पण कागदोपत्री धारक तो प्रतिनिधी असेल तर वाद झाल्यास नोंदणी संस्था त्यालाच ओळखते. नातेवाइकाच्या नावावर घेतलेल्या डोमेनचेही तेच. खोटा पत्ता देणे तर अधिक धोक्याचे, कारण पडताळणी नोंदणीनंतरही होऊ शकते.

डोमेन गेले की फक्त वेबसाइट जात नाही. त्यावरील ईमेल पत्तेही जातात. पुढे ते डोमेन घेणारा तोच ईमेल पत्ता पुन्हा सुरू करू शकतो. जुन्या मालकाने बँक किंवा इतर खात्यांना तो जोडून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलण्याचे संदेश नव्या माणसाच्या हाती पडू शकतात.

भारतात काय स्थिती?

‘डॉट इन’ २००५ पासून खुले आहे; त्यासाठी भारतात राहण्याची अट नाही. देवनागरीतील ‘डॉट भारत’ २०१४ मध्ये सुरू झाले, ते मराठीतही वापरता येते. मात्र सरसकट खुलेपणाचा फायदा भामटेही घेतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता आणला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सांगितले. पात्रतेची अट ग्राहकाच्या संरक्षणासाठी कशी वापरता येते, याचे हे घरचे उदाहरण.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

- नियम विक्रेत्याला विचारण्याऐवजी त्या देशाच्या नोंदणी संस्थेच्या संकेतस्थळावर वाचावेत.
- आपली पात्रता नागरिकत्वावर, निवासावर, कंपनीवर की व्यापारचिन्हावर टिकून आहे, हे पाहावे. तो आधार संपला तर डोमेनचे काय होईल, हेही पाहावे.
- नोंदणी आपल्या नावावर झाल्यानंतरच विक्रेत्याला रक्कम मिळेल, अशी त्रयस्थामार्फत व्यवस्था करावी.
- बँक व इतर महत्त्वाच्या खात्यांसाठी अशा डोमेनवरील ईमेल हा एकमेव पत्ता ठेवू नये.