पाटीवरचे पंचेचाळीस

सोलापुरातील प्राथमिक शाळांत संख्यावाचन ज्या रीतीने शिकवले जाते, तिचा विचार करताना एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होत आले आहे. ती ही की, या वर्गांत बसणारी पुष्कळशी मुले शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच निराळ्या आणि रचनेने अधिक सरळ अशा पद्धतीने मोजू लागलेली असतात. पूर्व भागातील पद्मशाली विणकराच्या घरी पंचेचाळीसला ‘नलभै ऐदु’ म्हणतात, अक्कलकोटकडील कन्नडभाषक कुटुंबात ‘नलवत्तैदु’. दोन्हींत चाळीस आधी व पाच मागाहून, म्हणजे अंक पाटीवर उमटतात त्याच क्रमाने. मराठीत मात्र पाच प्रथम कानावर पडतात, आणि उच्चारामागून हात चालवणारे मूल बिनचूक ऐकूनही ५४ लिहून मोकळे होते.

ऑस्ट्रोनेशियन कुळातील मलय भाषेत हीच संख्या ‘चार दहा पाच’ अशा अर्थाने उच्चारतात. एक ते नऊ, दहाचा ‘पुलुह’ आणि अकरा ते एकोणीसपुरता ‘बलास’ एवढी सामग्री हाती आली की ९९ पर्यंतचा सारा मुलूख मुलाच्या कबजात येतो. त्याच कुळातील मादागास्करची मालागासी भाषा मात्र आपल्याप्रमाणेच पाच आधी घेऊन ‘चाळिसावर पाच’ म्हणते. परंतु तिथे प्रत्येक अवयव सुटा व ओळखीचा राहतो. यावरून दिसते की, खरी अडचण केवळ क्रमाची नसून अवयव एकजीव होण्याचीही आहे: पन्नासचे बावन्न आणि त्रेपन्न होतात, एकोणऐंशी व एकोणनव्वद यांचा शिरस्ता नव्व्याण्णवापाशी मोडतो, आणि शंभरापर्यंतची बहुतेक नावे मुखोद्गतच करावी लागतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ हे वाचन आले, तेव्हा भाषा बिघडेल अशी हरकत घेतली गेली. त्या हरकतीमागील मातृभाषेचे ममत्व मला आदरणीय वाटते, कारण एकवीस, पंचेचाळीस ही नावे आपल्या बाजारहाटात, हिशेबात आणि पाढ्यांच्या लयीत मुरलेली आहेत व ती टिकलीच पाहिजेत. पण त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मांडलेली मुलांची अडचणही खरी होती. म्हणून माझी तजवीज अशी: महानगरपालिकेच्या शाळांनी मुलाच्या घरचा आकडा आधी मोकळेपणाने ऐकावा, त्यावरून ‘चाळीस पाच’ समजावावे आणि मग ‘पंचेचाळीस’ पक्के करून घ्यावे. दशक आणि एकक ज्याला वेगळे दिसले, त्याला पुढे बेरजेत हातचा का घ्यायचा हे पाठ करावे लागत नाही; ते त्याचे त्यालाच उमगते.