मुलीचे मौन, मुलाचा राग

"पोर फार समजूतदार आहे हो, तोंडातून शब्द काढत नाही," असे कौतुक आपल्याकडे घरोघर ऐकू येते. मुलगा सारखा चिडू लागला, वर्गाला दांड्या मारू लागला, की तो 'वाया गेला' असा निकाल लागतो. या दोन्ही शेऱ्यांआड कित्येकदा एकच आजार दडलेला असतो: नैराश्य.

साधारण बाराव्या वर्षापर्यंत नैराश्याच्या बाबतीत मुलगे व मुली यांत फारसा फरक दिसत नाही. तेरा-चौदाव्या वर्षापासून चित्र पालटते आणि पुढे मुलींमधील प्रमाण मुलांच्या सुमारे दुप्पट होते. अनेक देशांत हे आढळले आहे. वयात येतानाचे शारीरिक बदल हे त्याचे एक कारण खरे. पण सारा दोष शरीराच्या माथी मारून कसे चालेल? नेमके त्याच वयात मुलीचे जग आक्रसते. आपल्या सोलापुरात आई विड्या वळायला बसली, की भांडी, पाणी, धाकटी भावंडे मुलीच्या वाट्याला येतात. खेळ सुटतो, मैत्रिणी सुटतात, लग्नाची बोलणी सुरू होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती.

मग मुलगे सुखी आहेत काय? मुळीच नाही. 'बायकांसारखा रडतोस काय?' हे ऐकत वाढलेल्या मुलाचे दुःख चिडचिड, मारामारी, व्यसन अशा वाटांनी बाहेर पडते. त्याला शिक्षा मिळते, तिला शाबासकी. उपचार दोघांनाही मिळत नाहीत.

आपल्याच इमारतीत अकरावी-बारावीची मुले-मुली शिकतात, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. ते व्हावेच. पण समुपदेशकाच्या दारापर्यंत विद्यार्थ्याला नेणार कोण? प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की गैरहजर मुलाला दंड करण्याआधी त्याची विचारपूस करावी, आणि वर्गात कधीच त्रास न देणाऱ्या मुलीचीही करावी. मित्रमैत्रिणींनो, 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्याला नाही, तर शेजारच्या बाकावरच्याला लागेल.