बिऱ्हाडाबरोबर आलेली रंगभूमी

१९४२ साल. कझाकस्तानातल्या किझिलोर्दा गावात कोरियन नाट्यगृहात ‘हाँग बम-दो’ नावाचं नाटक लागलं होतं. लेखक थे जांग-चुन. १९२० साली मांचुरियाच्या डोंगराळ मुलखात जपानी फौजेला पाणी पाजणाऱ्या कोरियन गनिमी सेनानीची ती कथा. ज्याच्यावर नाटक लिहिलं होतं, तो सेनानी त्याच नाट्यगृहात पहारेकरी म्हणून नोकरीला होता. वय सत्तरीच्या पुढे गेलेलं. आपलं तारुण्य दुसरा कुणी तरी रंगमंचावर जगतोय, हे त्यानं स्वतः पाहिलं.

हाँग बम-दो मूळचा शिकारी. शिकाऱ्यांच्या बंदुका काढून घेण्याचा हुकूम जपान्यांनी काढला, तेव्हा त्यानं हत्यार खाली ठेवायचं नाकारलं. पुढे रशियात आसरा घेतला आणि तिथून म्हातारपणी हजारो किलोमीटर पश्चिमेला ढकलला गेला. १९४३ मध्ये तो किझिलोर्दातच वारला. त्याच्या अस्थी दक्षिण कोरियात पोचायला २०२१ चा ऑगस्ट उजाडावा लागला. देजॉनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्या सन्मानानं विसावल्या. सेनानीचं नाव पुन्हा गाजलं ते योग्यच झालं. पण ज्या नाटक मंडळींनी त्याला उतारवयात काम दिलं आणि त्याच्या हयातीतच त्याला रंगमंचावर आणलं, त्यांची कहाणीही तितक्याच तोलामोलाची आहे.

या मंडळींचे पूर्वज १८६० च्या दशकापासून दुष्काळाला आणि जमीनदारीला कंटाळून तुमेन नदी ओलांडत रशियाच्या अतिपूर्व भागात शिरले. जपाननं कोरिया गिळल्यावर हा ओघ वाढला. व्लादिवोस्तोकला कोरियन वस्ती होती, शाळा होत्या, वर्तमानपत्र होतं. कामगार तरुणांच्या हौशी नाटकांतून १९३२ मध्ये तिथे कोरियन रंगभूमीची रीतसर स्थापना झाली. कोरियाबाहेर कोरियन भाषेत नाटक करणारी ही व्यावसायिक संस्था. खुद्द कोरियात तेव्हा जपानी राज्य होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या तारखेचं मोल कळतं.

पाच वर्षं जेमतेम झाली. २१ ऑगस्ट १९३७ रोजी मॉस्कोत एका ठरावावर मोलोतोव्ह आणि स्टालिन यांच्या सह्या झाल्या. सीमेवरचे कोरियन जपानचे हेर होऊ शकतात, एवढ्या संशयावर सगळी जमात उचलायचं ठरलं. काही आठवड्यांत सुमारे १ लाख ७२ हजार माणसं आगगाड्यांत कोंबून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणून सोडली. वाटेत लहान मुलं आणि म्हातारी माणसं दगावली. उश्तोबेजवळच्या बास्तोबे टेकडीपाशी लोकांनी जमिनीत खड्डे खणून पहिला हिवाळा काढला. मूळच्या कझाख लोकांनी त्यांना आपल्यातली भाकर दिली, ही आठवण कोरियन घरांत आजही सांगतात.

नट, वादक, शिंपी आणि रंगभूषाकारही याच गाड्यांतून आले. किझिलोर्दात त्यांनी पुन्हा पडदा उघडला. १९४२ मध्ये संस्था उश्तोबेला हलली, १९५९ मध्ये परत किझिलोर्दाला आली आणि १९६८ मध्ये तेव्हाच्या अल्मा-आतात, म्हणजे आजच्या अल्माटीत, स्थिरावली.

ही रंगभूमी टिकली कशी, याचं उत्तर शाळांच्या इतिहासात सापडतं. १९३८ मध्ये कोरियन शाळा रशियन माध्यमाच्या करण्यात आल्या. मुलं रशियन शिकली. पोटापाण्यासाठी ते गरजेचंही होतं. घरात आजी-आजोबा कोर्यो-मार बोलत. ही उत्तरेकडच्या हामग्यंग प्रांताच्या वळणाची बोली. पण कोरियन भाषा चारचौघांत भेटावी अशा जागा दोनच उरल्या. एक म्हणजे ‘लेनिन गीची’ हे किझिलोर्दाहून निघणारं कोरियन वर्तमानपत्र आणि दुसरी म्हणजे रंगमंच. वर्तमानपत्रासाठी अक्षरओळख हवी. नाटकाला ती अटही नव्हती. कधी शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्या आणि रशियन शाळेत वाढलेली नातवंडं एकाच बाकावर बसून एकाच संवादाला रडू शकत होती.

त्यांच्यासमोर येणारी नाटकं तरी कोणती? सगळ्यांत लाडकं ‘छुनह्यांग’. मूळ कथा पानसोरीतली. ढोलाच्या साथीवर एकाच गायकानं तासन् तास गाऊन आणि बोलून सांगायची ही कोरियन परंपरा. नामवनच्या एका गणिकेची मुलगी छुनह्यांग आणि अधिकाऱ्याचा मुलगा मोंगन्योंग लपून लग्न करतात. तो राजधानीला जातो. नवा अधिकारी तिच्यावर हक्क सांगतो, ती साफ नकार देते, फटके खाते आणि तुरुंगात पडते. शेवटी भिकाऱ्याच्या वेषात एक माणूस येतो. तो असतो मोंगन्योंग, राजाचा गुप्त निरीक्षक. एका क्षणात सगळा अन्याय उलटतो.

व्लादिवोस्तोकला १९३५ मध्येच हे नाटक बसलं होतं. छुनह्यांगची भूमिका ली हाम-दोक या अभिनेत्रीनं केली आणि ती पुढे याच रंगभूमीची मोठी नटी झाली. पण हद्दपारीनंतर हे नाटक पाहणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ बदलला असणार. राजधानीतून आलेल्या एका हुकमानं त्यांची घरंदारं गेली होती. राजधानीतून न्याय घेऊन येणारा माणूस त्यांना फक्त नाटकात भेटत होता. आंधळ्या बापासाठी स्वतःला समुद्राच्या स्वाधीन करणाऱ्या मुलीची ‘शिमछंग’ ही कथाही अशीच जिव्हाळ्याची. बापाची दृष्टी परत येते तो प्रसंग, ज्यांनी आपली म्हातारी माणसं रेल्वेरुळाकडेला पुरली, त्यांनी कोरड्या डोळ्यांनी पाहिला असेल असं वाटत नाही.

सरकारी नाट्यगृह म्हटल्यावर सरकारी विषयही आलेच. क्रांती, सामूहिक शेती, उत्पादनाचे विक्रम अशी नाटकं झाली. रशियन आणि कझाख लेखकांची नाटकं कोरियनमध्ये आणून केली. यातली कितीतरी आज कुणाला आठवतही नसतील. तरी त्या नाटकांनीच संस्थेचा पगार चालू ठेवला आणि त्या आडोशानं छुनह्यांग जगली, हे मान्य करायला हवं.

खरी मौज दौऱ्यांत होती. १९६८ मध्ये नाट्यगृहाशी जोडलेला ‘आरिरांग’ हा गाण्या-नाचाचा संच उभा राहिला. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानातल्या कोरियन शेतवसाहतींत ही मंडळी गाडीत सामान टाकून फिरत. दिवसभर भाताच्या खाचरात किंवा कांद्याच्या वाफ्यात राबलेली माणसं संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात जमायची. तमारा बांग ही या संचाची गाजलेली गायिका. कोरियन लोकगीतांबरोबर ती रशियन गाणीही गायची. ली हाम-दोक आणि तमारा बांग या दोघींवर दक्षिण कोरियाच्या किम सो-यंग या दिग्दर्शिकेनं एक सुरेख माहितीपट केला आहे.

उत्तर कोरियातून फुटून आलेल्यांनीही या रंगभूमीला हात दिला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोत शिकणाऱ्या काही उत्तर कोरियन विद्यार्थ्यांनी किम इल-संगच्या व्यक्तिपूजेला विरोध करून परत जायचं नाकारलं. त्यांतला हान जिन या नाट्यगृहाचा नाटककार झाला. दुसरा चंग चू. हा संगीतकार दक्षिणेतल्या ग्वांगजूत जन्मला, उत्तरेत गेला, मॉस्कोत शिकला आणि कझाकस्तानात कायमचा राहिला. त्यानं कोरियन वस्त्यांतून हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडची शेकडो गाणी टिपून ठेवली. एवढं एकच काम केलं असतं तरी त्याचे उपकार फिटले नसते.

कलेइतकीच चिवट ठरली ती स्वयंपाकघरं. स्टेपच्या गवताळ मैदानात किमचीचा लांबट कोबी मिळेना, तेव्हा बायकांनी गाजर धरलं. गाजराचे लांब, काडीसारखे काप काढायचे, मीठ-साखर चोळायची, वर धनेपूड, लाल तिखट आणि ठेचलेला लसूण ठेवून कडकडीत तेल ओतायचं, मग व्हिनेगर. थेट आपल्या फोडणी घातलेल्या कोशिंबिरीची चुलत बहीण. ‘कोरियन गाजर’ म्हणून हा पदार्थ पूर्वीच्या सोव्हिएत देशांत घरोघरी गेला आणि सोलमध्ये मात्र तो पारंपरिक ताटात नाही. अल्माटीच्या ग्रीन बाजारात कोरियन बायकांच्या अशा सॅलडांची अख्खी रांग लागते. वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे गेलेल्या महाराष्ट्रातल्या मुलामुलींना धने-लसणाचा हा वास ओळखीचा वाटला तर नवल नाही.

सोव्हिएत संघ मोडला, १९९२ मध्ये दक्षिण कोरिया आणि कझाकस्तान यांचे राजनैतिक संबंध जुळले आणि वारं फिरलं. सोलहून शिक्षक आले, वाद्यं आली, पुस्तकं आली. अल्माटीतले कलावंत कोरियात जाऊन शिकू लागले. पुढे के-पॉपची लाट आली आणि कझाख पोरांनाच त्याचं वेड लागलं. २०१५ पासून गाजलेल्या ‘नाइन्टी वन’ या कझाख बँडवर कोरियन शैलीची छाप उघड दिसते. गाणी मात्र कझाख भाषेत.

आज अल्माटीच्या नाट्यगृहात संवाद कोरियनमध्येच चालतात आणि प्रेक्षक कानाला यंत्र लावून रशियन भाषांतर ऐकतात. प्रेक्षकांत कोरियन वंशाचे असतात, तसे कझाख आणि रशियनही असतात. काहींना यात ऱ्हास दिसतो. तो तसा मानू नये. भाषा येत नसतानाही माणसं संध्याकाळ राखून तिकीट काढतात, हे या संस्थेनं कमावलेलं प्रेम आहे.

काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सोलची प्रमाण भाषा शुद्ध आणि आपली कोर्यो-मार गावंढळ, असं तिथल्या तरुणांना वाटू लागलं तर नुकसान मोठं होईल. सोलमधलं संगीत, नृत्य, उच्चार हे सगळं आता फोनवर फुकट मिळतं. उश्तोबेच्या आजीची बोली, तिच्या गाण्यातले रशियन शब्द, भाताच्या खाचरात जुळलेल्या चाली यांचा मात्र दुसरा साठा जगात नाही. दक्षिण कोरिया परदेशातल्या कोरियन संस्थांना मदत करतो. त्यातला थोडा पैसा नवे पोशाख आणि नवे ढोल यांच्याऐवजी या म्हाताऱ्यांसमोर ध्वनिमुद्रक घेऊन बसणाऱ्या तरुणांना मिळावा. हद्दपारीच्या गाड्यांतून आलेली पिढी जवळजवळ संपली आहे. त्यांच्या मांडीवर वाढलेली मुलं आता सत्तरी-ऐंशीची आहेत आणि त्यांना गाणी अजून येतात.