विश्लेषण : पंपाच्या पेटीतील ‘फुकटचे’ सॉफ्टवेअर कुणाला किती बांधील?

मोर्शी-वरुड पट्ट्यातील संत्रा बागांत ओलित आता बटणावर आणि मोबाइलवर आले आहे. सौर पंपाचा कंट्रोलर, मोबाइल स्टार्टर, ठिबकचे स्वयंचलित व्हॉल्व्ह या साऱ्यांच्या पेटीत छोटा संगणक असतो. त्यात बरेचदा जगभरातील प्रोग्रामरांनी लिहिलेले ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालते. ते विनामूल्य मिळते, पण विनाअट मिळत नाही. या अटी पाळण्याची जबाबदारी कुणाची आणि त्यांचा शेतकऱ्याला काय उपयोग, याचा हा आढावा.

शेतातील पेटीत हे सॉफ्टवेअर येते कुठून?

केंद्राच्या तांत्रिक निकषांनुसार योजनेतील सौर पंपाला दूरस्थ देखरेखीची यंत्रणा जोडावी लागते. पंप किती तास चालला, किती वीज तयार झाली, ही माहिती सिमकार्डमार्फत सर्व्हरवर जाते. हे करणाऱ्या कंट्रोलरमधला प्रत्येक प्रोग्राम कुणी नव्याने लिहीत नाही. साध्या पेटीत ‘फ्रीआरटीओएस’सारखी लहान कार्यप्रणाली असते, मोठ्या पेटीत लिनक्स. अनेक फोर-जी मॉड्यूलच्या आतही लिनक्सच चालते, आणि ते पेटी जुळवणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. अमरावती किंवा अकोल्याच्या एमआयडीसीतील लघुउद्योजक बाहेरून बोर्ड आणतो, त्यावर आपले प्रोग्राम चढवतो, पेटीवर आपले नाव छापतो आणि माल विकतो. कायद्याचा प्रश्न त्या नावापासून सुरू होतो.

ओपन सोर्स म्हणजे मालक नसलेले सॉफ्टवेअर का?

नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम हा ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत मोडतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा हक्क लिहिताच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. भारत बर्न कराराचा सदस्य असल्याने जर्मनीत किंवा अमेरिकेत लिहिलेल्या प्रोग्रामलाही इथे हेच संरक्षण आहे. ओपन सोर्सचा लेखक हा हक्क सोडून देत नाही. तो सगळ्यांना सारखाच परवाना देतो आणि त्याला अटी जोडतो. अटी मोडल्या की परवाना उरत नाही. मग जे उरते ते परवानगीविना केलेली प्रत, म्हणजे कॉपीराइटचा भंग. जाणूनबुजून केलेल्या भंगासाठी कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईचा दिवाणी मार्ग वेगळाच.

अटी कोणत्या आणि त्या कधी लागू होतात?

परवान्यांचे ढोबळ दोन गट पडतात. एमआयटी, बीएसडी, अपाची हे सैल परवाने. त्यांत मुख्यतः लेखकाचे नाव, कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर उत्पादनासोबत द्यावा लागतो. फ्रीआरटीओएस २०१७ पासून एमआयटी परवान्याखाली आहे. दुसरा गट ‘जीपीएल’चा. लिनक्सचा गाभा १९९१ च्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. तिची मुख्य अट अशी : सॉफ्टवेअर यंत्रात घालून दुसऱ्याला दिले, तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता व बदलता येईल असा मूळ मजकूर, सोबत द्यावा. ते जमत नसेल तर किमान तीन वर्षे, मागेल त्याला, प्रत काढण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे न घेता तो देऊ, असे लेखी वचन यंत्रासोबत द्यावे. संकलन आणि स्थापनेसाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही या कोडचाच भाग मानल्या आहेत.

कारखान्यात स्वतःच्या यंत्रावर लिनक्स वापरले तर ही अट लागत नाही. संत्र्याचे ग्रेडिंग करणाऱ्या केंद्राने स्वतःच्या यंत्रासाठी लिनक्समध्ये कितीही बदल केले तरी ते उघड करण्याचे बंधन नाही. तेच यंत्र दुसऱ्या केंद्राला विकले की बंधन सुरू होते. वापर मोकळा, वितरण सशर्त, असा हा हिशेब आहे.

चूक बोर्ड पुरवणाऱ्याची असेल तर?

‘आम्हाला कोड पुरवठादाराने दिलाच नाही’ हे याबाबतचे नेहमीचे उत्तर. कायद्यापुढे ते फारसे टिकत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५१ मध्ये भंग करणाऱ्या प्रती विकणे, व्यापारासाठी वाटणे आणि भारतात आयात करणे हेही भंगातच धरले आहे.

या साखळीचे सर्वात गाजलेले उदाहरण लिंकसिस कंपनीच्या ‘डब्ल्यूआरटी ५४जी’ या वायफाय राउटरचे आहे. त्यात लिनक्स असल्याचे २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आले. तोवर सिस्को कंपनीने लिंकसिस विकत घेतली होती. सॉफ्टवेअर तिचे नव्हते, चिप बनवणाऱ्या कंपनीकडून आले होते, आणि त्या कंपनीनेही ते तिसरीकडून करून घेतले होते. जाब मात्र पेटीवर नाव असलेल्यालाच विचारला गेला. सोर्स कोड खुला करावा लागला. तरीही इतर उत्पादनांबाबत तक्रारी राहिल्या. अखेर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला आणि २००९ मध्ये तडजोड झाली. तडजोडीनुसार परवान्यांचे पालन पाहण्यासाठी लिंकसिसमध्ये स्वतंत्र अधिकारी नेमण्याचे कंपनीने मान्य केले.

न्यायालये हे परवाने मानतात का?

मानतात. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने मे २००४ मध्ये हाराल्ड वेल्टे विरुद्ध साइटकॉम या प्रकरणात जीपीएल न पाळणाऱ्या राउटर विक्रेत्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. अमेरिकेत २००८ च्या जेकबसन विरुद्ध कॅटझर निकालात, फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरच्या अटी मोडणे हाही कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे फेडरल अपील न्यायालयाने म्हटले. तो वाद खेळण्यातील रेल्वे चालवणाऱ्या प्रोग्रामवरून झाला होता. फ्रान्समध्ये सरकारी पोर्टलच्या कामात जीपीएल परवान्याचा प्रोग्राम अटी मोडून वापरल्याबद्दल पॅरिसच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दूरसंचार कंपनी ऑरेंजला एकूण आठ लाख युरोंची भरपाई द्यायला लावली. सरकारी कामात माल पुरवणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा असा आहे. भारतीय कायद्यात ओपन सोर्ससाठी वेगळे कलम नाही आणि त्याची गरजही नाही. परवाना, भंग आणि भरपाई यांची सध्याची कलमे त्यासाठी पुरेशी आहेत.

मग उद्योजकाने स्वतःचे गुपितही उघडे करायचे का?

इथे भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. उन्हाच्या तीव्रतेप्रमाणे मोटरचा वेग ठरवणारे गणित एखाद्या उद्योजकाने स्वतः बसवले असेल आणि ते लिनक्सवर स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालत असेल, तर ते उघड करावे लागत नाही. लिनक्सच्या परवान्यासोबतच्या टिपेत तसे स्पष्ट केले आहे. उघड करायचा तो लिनक्सचा गाभा आणि त्यात केलेले बदल. गुपित त्या गाभ्यातच मिसळले, तर मात्र सुटका नाही. म्हणून कोणता भाग कुठे ठेवायचा हे बोर्डाचे काम सुरू करतानाच ठरवायला हवे.

२००७ च्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक भेद आहे. घरगुती वापराच्या वस्तूत सॉफ्टवेअर दिले तर बदललेला प्रोग्राम पुन्हा त्यात चढवण्यासाठी लागणारी माहितीही, किल्ल्यांसह, द्यावी लागते. निव्वळ औद्योगिक वापराच्या यंत्रांना ही अट नाही. वस्तू नेमकी कोणत्या गटात, अशी शंका राहिली तर कौल घरगुती गटाच्या बाजूने द्यावा, असेही परवान्यात लिहिले आहे. घराला आणि गोठ्यालाही पाणी देणाऱ्या लहान पंपाचा उत्पादक या रेषेच्या अगदी जवळ उभा असतो.

‘कोणतीही हमी नाही’ हे वाक्य उत्पादकाला वाचवते का?

जवळपास प्रत्येक ओपन सोर्स परवान्यात असे वाक्य असते. ते मूळ लेखकाचे रक्षण करते. पेटी विकणाऱ्याला ते ढाल म्हणून पुढे करता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि सदोष उत्पादनाची जबाबदारी उत्पादकावर आहे. शेतकरी व्यापारी हेतूने खरेदी करतो म्हणून तो ग्राहक नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात फेटाळला आहे. बियाण्याबाबतचा तो तर्क पंपाच्या पेटीलाही लागू करता येईल.

मोर्शीच्या शेतकऱ्याचा यात फायदा काय?

मोर्शी आणि वरुड हे भूजलाचा अतिउपसा झालेले तालुके. इथे पाणी मोजून द्यावे लागते. अंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडांना ताण दिला जातो आणि ठरावीक वेळी ओलित सुरू करून तो तोडला जातो. त्या आठवड्यात कंट्रोलर रुसला आणि कंपनीचा माणूस आला नाही, तर फटका वर्षाच्या पिकाला बसतो. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. पाच वर्षे दुरुस्तीची हमी मिळते. पंपाचे पॅनल त्याहून कितीतरी वर्षे टिकतात. सहाव्या वर्षी सर्व्हरचा पत्ता बदलला, सिमचे तंत्र जुने झाले किंवा पुरवठादारच बाजारातून गेला, तर चांगली पेटी भंगारात जाते.

अशा वेळी सोर्स कोड हाताशी असेल तर अमरावतीतील एखादा अभियंता किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील गट पेटी पुन्हा चालू करू शकतो. ही केवळ आशा नाही. लिंकसिसचा जो कोड खुला झाला, त्याच्या आधारे २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांनी सोडून दिलेले अनेक राउटर त्यावर आजही चालतात.

अडचण इथे आहे की भारतात कॉपीराइट भंगाचा दावा मुख्यतः हक्काचा मालक लावू शकतो. मोर्शीतील पंपधारक तो मालक नाही. जीपीएल त्याला कोड मागण्याचा आधार देते, पण पुरवठादाराने पत्राला उत्तर दिले नाही तर दूर देशीच्या प्रोग्रामरने दावा लावावा, याची वाट पाहणे त्याच्या हाती उरते. कॅलिफोर्नियात व्हिझिओ या टीव्ही कंपनीविरुद्ध २०२१ मध्ये ‘सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी’ने खरेदीदाराच्या नात्याने दावा लावला, तो याच कोंडीतून वाट काढण्यासाठी.

मग मार्ग काय?

महाराष्ट्रात यापेक्षा सोपा मार्ग उपलब्ध आहे. या योजनेचे पुरवठादार महावितरणच्या यादीतले असतात आणि शेतकरी त्यांच्यातून निवड करतो. यादीत येण्याच्या अटींतच तीन गोष्टी घालता येतील. पहिली, पेटीत कोणते सॉफ्टवेअर, कोणत्या परवान्याखाली आहे, याची यादी. अशा याद्या कशा कराव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राच्या ‘सर्ट-इन’ने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलीच आहेत. दुसरी, परवान्यानुसार द्यावा लागणारा सोर्स कोड पुरवठ्याच्या वेळीच महावितरणकडे जमा करणे. तिसरी, शेतकऱ्याला मिळणाऱ्या हमीपत्रावर तो कोड कुठे मिळेल हे मराठीत छापणे. मग हा हक्क परक्या लेखकाच्या मर्जीवर राहणार नाही. तो कराराचा भाग होईल आणि खरेदीदाराच्या बाजूने महावितरणला तो अंमलात आणता येईल.

लघुउद्योजकांवर हा नवा बोजा, अशी तक्रार होईल. पण बोजा नवा नाही. परवाना स्वीकारला त्या दिवशीच तो आला आहे, फक्त विचारणारे कुणी नव्हते. तो पेलणेही कठीण नाही. बोर्ड विकत घेतानाच पुरवठादाराकडून कोड मागणे, तो तपासून जपून ठेवणे आणि सूचनांचे एक पान पेटीत घालणे, इतकेच बहुतेक उत्पादकांचे काम. युरोपात माल पाठवू पाहणाऱ्यांना ही शिस्त तशीही लावून घ्यावी लागेल. तिथला सायबर सुरक्षेचा नवा कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णतः लागू होत असून त्यात सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवणे बंधनकारक आहे.

कोड उघड झाला तर कुणीही पंपात ढवळाढवळ करील, ही शंकाही घेतली जाते. लिनक्सचा कोड तर आधीपासूनच सगळ्यांपुढे आहे. पेटीची सुरक्षा पासवर्ड, किल्ल्या आणि वेळेवर येणाऱ्या दुरुस्त्यांवर अवलंबून असते. सहाव्या वर्षी दुरुस्त्या देणारी कंपनीच नसेल, तर बंद कोडची पेटीच जास्त धोक्याची.

सौर पंपाचे बहुतांश पैसे सरकार भरते, पुरवठादारांची यादी सरकारी कंपनी ठरवते आणि त्यातील सॉफ्टवेअर लेखकांनी आधीच खुले केले आहे. मधल्या साखळीत ते अडून राहू नये, एवढी एक अट निविदेत घालायला नवा कायदा लागत नाही. पुढच्या निविदेचा मसुदा करणाऱ्यांनी ती घालावी.